अविने दुसऱ्याच्या कावळ्याला दिलेला शब्द

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात काम करणारा माणूस. दिवसभर सळया, वजनकाटा आणि ड्रायव्हर लोकांच्या शिव्या. भुताखेताच्या गोष्टी कोणी काढल्या की मी चहा संपवून उठणारा. त्यामुळे हे वाचून ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसा... मीही हसलो असतो.

साधारण २०१० च्या आसपासची गोष्ट. मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र अवि, पाठीवर सॅक टाकून मालवणपासून किनाऱ्याकिनाऱ्याने वर येत होतो. मिळेल ती एस.टी., खाडी आडवी आली की मिळेल ती होडी, नाहीतर पाय. अवि महिन्याभरात ऑस्ट्रेलियाला जाणार होता, म्हणून ही ट्रिप. रेवसहून लाँचने करंजाला उतरलो आणि अविच्या डोक्यात किडा वळवळला - उरणपासून पनवेलपर्यंत चालतच जायचं. कंटेनरचे ट्रेलर अंगावर धूळ उडवत जातायत, उन्हाने टाळू तापलीय, आणि हा म्हणतो, "शेवट पायीच झाला पाहिजे यार." मी मनातल्या मनात त्याला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

अवि आणि त्याचे वडील, म्हणजे माझे काका, एकमेकांशी बोलत नसत, हे सांगायलाच हवं. अविने ठरलेलं लग्न ऐनवेळी मोडलं, आणि मुलीकडच्यांसमोर हात जोडायला काका एकटे गेले. हा घरात झोपून होता. तेव्हापासून अबोला. काकू आधीच गेलेल्या, त्यामुळे निरोप्या कोण? तर मी! पनवेलजवळ करंजाड्याच्या त्यांच्या दोन खोल्यांत बापलेक समोरासमोर बसलेले असायचे आणि काका मला फोन करायचे, "अविला विचार रे, जेवायला आहे का?" मग मी अविला फोन लावायचा. हसू नका, मी वर्षभर हे केलंय. ट्रिपमध्येही रोज संध्याकाळी काकांचा फोन मलाच, "कुठवर आलात?" अवि शेजारी बसून ऐकायचा आणि समुद्राकडे बघायचा.

तर, मुख्य रस्त्याला कंटाळून आम्ही खाडीच्या बांधावरून निघालो. एका गावाच्या कडेला दहा-पंधरा माणसं बसलेली दिसली. दहावा होता. पानावर पिंड, बाजूला सुकटाची चटणी, बिडीचं बंडल - गेलेल्याला आवडायचं ते सगळं. झाडावर कावळे हे एवढे, पण एकही खाली येईना. एक माणूस आमच्याकडे बघून म्हणाला, "पावनं, जरा लांब बसा. सकालपासून कावला शिवत नाय."

आम्ही बसलो. त्यांच्या डोळ्यांसमोरून सॅक घेऊन मिरवत जाणं बरं दिसलं नसतं. एकेक जण उठून पिंडासमोर बोलत होता. भाऊ खाडीतल्या होडीकडे हात करून म्हणाला, "दादा, तुजी होरी आमी इकणार नाय." मुलगी म्हणाली, "आयेला मी सांबालीन, बाबा." कावळे ढिम्म. त्या माणसाची बायको, एक म्हातारी, पदराने तोंड दाबून बसलेली. शेवटी तीच वैतागून आमच्याकडे वळली, "तुमी तरी काय बोला रं! परक्या मान्साचा तरी आयकल."

मी हात जोडून गप्प उभा राहिलो. आणि आमचा अवि... त्याची जीभ कधी सरळ चाललीय? दमलेला, चिडलेला. माझ्याकडे बघून डोळा मारला, पुढे गेला आणि नाटकी आवाजात म्हणाला, "बाबा, मी आलोय. आजपासून तुमच्याशी बोलणार. शब्द देतो. आता जेवा."

मी त्याची कॉलर धरणार होतो, खरंच. पण तेवढ्यात कावळा उतरला. उतरला म्हणजे सरळ येऊन पिंडाला शिवला, आणि त्याच्या मागून सगळे.

मग ती म्हातारी उठली, अविजवळ आली आणि त्याचं मनगट धरलं. "तुला कुनी सांगला?" अवि म्हणाला, "काय?" तर मुलगी रडत म्हणाली, "आमचा मोटा भाव बाबाशी बोलत नव्हता. आजबी आला नाय." म्हातारी अविकडे बघतच राहिली. म्हणाली, "त्यांना वाटला, त्यांचाच पोरगा बोलला. आता तू तुज्या बापाशी बोल, बाला. दिलेला शब्द हाय."

घरच्या अबोल्याबद्दल अविने तिला काहीच सांगितलं नव्हतं. मीही नाही. आम्ही तिथे चहासुद्धा घेतला नाही.

पुढचा सगळा रस्ता अवि तोंडातून शब्द काढेना. मला वाटलं, चला, ह्या गाढवाला कुठेतरी लागलं. करंजाड्याला पोचलो तेव्हा काका गॅलरीत उभे होते. आम्हाला बघून त्यांनी हात वर केला, मग अवघडून तोच हात कठड्यावर ठेवला. अवि गेटपाशी थांबला. वर बघितलं. आणि मला म्हणाला, "योगायोग असतो रे सगळा. आज तुझ्याकडे झोपतो. उद्या बोलेन."

तो उद्या काही आला नाही. महिन्याभराने काका एअरपोर्टलाही आले होते, माझ्या गाडीत मागे बसून. दोघांनी माझ्याशीच गप्पा मारल्या.

त्यानंतर काका संध्याकाळी मला फोन करायचे, "अविचं काही कळलं का?" मी खोटं सांगायचो की तो तुमची चौकशी करतो. तीनेक वर्षांनी काका गेले. अविला कळवलं. रजा नाही, तिकिटं महाग, हे आणि ते. मी फोन ठेवला.

दहाव्याला काकांच्या पुतण्याने सगळं केलं. पानावर काकांची आवडती शेवयांची खीर होती. झाडावर कावळे भरलेले आणि खाली एकही नाही. पुतण्या बोलून झाला, शेजारी बोलून झाले. "अवि येईल, काका." काही नाही. "अवि रोज आठवण काढतो." काही नाही. मला खाडीवरचं आठवलं. मी पुढे झालो आणि अविच्या आवाजाची नक्कल करून म्हणालो, "बाबा, मी आलोय. आजपासून बोलणार." शरम वाटली, पण म्हटलं... कावळ्यांनी मानसुद्धा वळवली नाही. काका काही फसले नाहीत.

भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेव्हा माझं डोकंच फिरलं. इतक्या वर्षांचं साचलेलं बाहेर आलं. मी ओरडलोच, "काका, तो येणार नाहीये! तो तुमची चौकशीही करत नव्हता, मीच खोटं बोलत होतो. आता नका वाट बघू!"

माझं वाक्य संपायच्या आत कावळा शिवला. भटजींच्या हातात दर्भ तसाच राहिला.

आता तुम्ही म्हणाल, भूक लागली असेल कावळ्याला. असेल बुवा. दोन्ही वेळेला नेमकी त्याच क्षणी लागली असेल. मी हे खूपदा उलटसुलट करून बघितलं, मला काही उलगडलं नाही.

काही दिवसांनी अविचा फोन आला. "कावळा शिवला का रे?"

"शिवला."

"माझं नाव घेतलंत ना?"

"घेतलं."

पलीकडून सुटकेचा श्वास ऐकू आला. म्हणाला, "बघ! म्हणजे बाबांच्या मनात माझ्याबद्दल काही राहिलं नव्हतं."

मी म्हटलं, "नाही. आता काही राहिलं नाही."