आमचे मालक हरवल्यात

बोलायला सुरुवात करण्याआधी अक्का पदर डोक्यावरून घ्यायच्या. समोर कुणी वडीलधारं नसायचं, माझा लॅपटॉप असायचा. मग घसा खाकरायच्या, खुर्चीत ताठ बसायच्या आणि पडद्याकडे बघत म्हणायच्या, "हां. मी सांगतो, तू लिहून घे."

'सांगतो' वाचून चमकू नका. अक्का निपाणीकडच्या एका खेड्यातल्या. त्या भागातल्या बायका 'मी आलो, मी जेवलो' असंच बोलतात. लग्न होऊन बेंगळुरूला आल्या, अर्धंअधिक आयुष्य पीण्या या तिथल्या कारखान्यांच्या भागात गेलं, कन्नड तोंडी फर्डं झालं. पण घरात बोलायची ती माहेरचीच मराठी. शाळा चार यत्ता, तीही मराठी. त्यामुळे कन्नड बोलता यायचं, वाचता यायचं नाही.

मी नाशिकहून इथे नोकरीला आले, पीण्यातल्या एका लहान कंपनीच्या ऑफिसात. खोली मिळाली ती अक्कांच्या डोक्यावरची, पहिल्या मजल्यावरची. सकाळी खालून भाकऱ्या थापल्याचा आवाज यायचा. आसपासच्या खोल्यांतून राहणारे उत्तर कर्नाटकातले कामगार त्यांच्याकडून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी न्यायचे. सगळे त्यांना अक्का म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागले. नाव विचारायचं कधी सुचलंच नाही.

त्यांचे यजमान कारखान्यात लेथ मशीनवर काम करून निवृत्त झालेले. अक्का त्यांचं नाव घेत नसत. 'मालक' म्हणत. "मालक जेवल्यात." "मालक झोपल्यात." त्या घरात मालकपणाची खूण म्हणाल तर एकच, खिडकीजवळची खुर्ची. बाकी सगळा कारभार अक्कांचा.

मी राहायला आले तेव्हाच मालकांचं विसरणं सुरू झालं होतं. मला रोज नव्याने विचारायचे, "कुठल्या गावच्या?" मी नाशिक म्हटलं की रोज नव्याने म्हणायचे, "लांब हाय की!" त्याचं मला काही वाटत नसे. वाईट वाटायचं ते संध्याकाळी. दारात उभे राहून ते रस्त्याकडे कान लावायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारायचे, "भोंगा झाला का?" ज्या कारखान्याचा भोंगा, तो कधीच बंद पडला होता. त्या जागी आता गोदाम आहे. अक्का आतून ओरडायच्या, "झाला, झाला. घरला या." की ते निमूट आत यायचे, हातपाय धुवायचे आणि कामावरून आल्यासारखे टेकून बसायचे.

शिवरात्रीनंतरच्या एका सकाळी अक्का भाकऱ्या पोचवून आल्या, तर खुर्ची रिकामी होती. दार उघडं होतं. चपला तिथेच होत्या.

पोलिसांनी तक्रार घेतली, आपुलकीने चौकशी केली. कामगारांनी सुट्टीच्या दिवशी गटागटाने जाऊन रस्ते, देवळं, बसस्टँड पालथे घातले. फोटोचे कागद खांबांवर लावले. थोड्या दिवसांनी त्यांच्यावर भाड्याच्या खोल्यांचे आणि केस गळण्यावरच्या औषधाचे कागद चिकटले. अक्का जाता-येता नखाने ते खरवडायच्या. खालून मालकांचा अर्धा चेहरा निघायचा, अर्धा वरच्या कागदाबरोबर फाटून यायचा.

ते बघवेना म्हणून मी एका रविवारी त्यांना वर बोलावलं. आमच्या ऑफिसात मालकीणबाईंनी कंपनीची वेबसाइट स्वतःच बनवली होती, कॉम्प्युटरशी नुसतं बोलून. काय हवं ते साध्या भाषेत सांगायचं, एआय पान तयार करून देतं. आवडलं नाही तर पुन्हा सांगायचं. मला त्यातलं तेवढंच कळत होतं. अक्कांना म्हटलं, "मराठीत बोललात तरी चालतं."

"त्याला मराठी येतंय?" अक्कांनी लॅपटॉपकडे संशयाने पाहिलं. मग पदर घेतला. "आमचे मालक हरवल्यात. मी त्यांना शोधू लागलोय. सगळ्यांस्नी दिसंल असं पान कर."

पान झालं. निळंशार. वर टाय लावलेल्या, पिवळं हेल्मेट घातलेल्या एका हसऱ्या गोऱ्या गृहस्थांचं चित्र. खाली ठळक अक्षरात: 'ज्येष्ठ उद्योजक बेपत्ता. एक निष्ठावान कर्मचारी आपल्या मालकांच्या शोधात.'

मी वाचून दाखवलं. अक्का क्षणभर बघत राहिल्या आणि मग हसायला लागल्या. शिवरात्रीपासून पहिल्यांदा. पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि हसू थांबल्यावरही बराच वेळ तो तसाच धरून बसल्या.

"अरे बाबा," शेवटी त्या म्हणाल्या, "मालक म्हंजे नवरा. आणि मी बाई हाय."

पडद्यावर लांबलचक माफीनामा आला. तो ऐकून अक्का मला म्हणाल्या, "चांगल्या वळणाचं दिसतंय गं."

दुसऱ्या खेपेला गृहस्थ गेले, मालकांचा फोटो आला. पण मजकूर होता, 'ते अत्यंत साधे होते. त्यांना चहा आवडत असे.' अक्कांनी हात वर करून मला थांबवलं.

"होते न्हाई. आहेत. सगळीकडं आहेत कर."

त्याने सगळीकडे आहेत केलं. मग विचारलं, ओळखण्याच्या काही खुणा? अक्का सांगत राहिल्या. डाव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं आहे, ते लेथचं. चहा बशीत ओतून पितात, आणि बशी परत देताना पुसून देतात. कन्नडमध्ये काही विचारलं तर मराठीत उत्तर देतात. आधी दोन्ही यायचं, आता मराठीच उरलंय. अंगावर राखाडी स्वेटर आहे, माझ्या हातचा. संध्याकाळ झाली की 'भोंगा झाला का' म्हणून विचारतात. झाला म्हणून सांगा, म्हणजे शांत होतात.

शेवटचं वाक्य त्यांनी मला नाही, यंत्राला नाही, जो कुणी वाचेल त्याला सांगितलं होतं.

पान मराठीत झालं, मग त्याचं कन्नड आणि हिंदी करायला सांगितलं. तेही झटकन झालं. आमच्या ऑफिसातल्या एकाने कन्नड पान वाचून पाहिलं आणि म्हणाला, "शुद्ध आहे, एकही चूक नाही." खाली अक्कांचा फोन नंबर टाकला. उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या दिवशी कामगारांनी आपापल्या मोबाइलवरून ते पान गावोगाव पाठवलं.

फोन यायला लागले. मारतहळ्ळीहून कुणी म्हणालं, इथे देवळापाशी असाच एक म्हातारा बसतो. अक्का धावत गेल्या. तो वेगळाच कुणी निघाला. त्याच्याजवळ बसून त्याला केळं सोलून देऊन परत आल्या. नुसतीच हळहळ व्यक्त करायला फोन करणारेही होते. आणि असेही, ज्यांचं स्वतःचं माणूस हरवलं होतं.

त्यातला एक आनेकलचा. शेती करणारा. त्याची आई शेजारणीबरोबर लग्नाला म्हणून गेली आणि गर्दीत चुकली. तिलाही विसरायला होत होतं. त्याचं पान करून द्यायला कुणी नव्हतं. त्याने अक्कांना फोनवर एवढंच विचारलं, "अक्का, तुमच्या पानावर स्वल्प जागा आहे का?"

"जागंला काय तोटा हाय," अक्का म्हणाल्या, आणि रविवारी पदर घेऊन माझ्या खुर्चीत बसल्या. त्याने कन्नडमध्ये सांगितलेलं त्यांनी कन्नडमध्येच यंत्राला सांगितलं. म्हातारी काय बोलते तेही, तिच्या शब्दांत: "करु कट्टिद्या?" वासरू बांधलंस का, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची.

आणि ती सापडली. लांबच्या एका देवस्थानाच्या भोजनशाळेत भांडी विसळणाऱ्या बाईने ते पान कुणीतरी मोबाइलवरून मोठ्याने वाचताना ऐकलं. 'करु कट्टिद्या' ऐकताच ती म्हणाली, ही तर आमच्याकडे रोज हेच विचारते. आनेकलवाला आईला घेऊन अक्कांच्या पाया पडायला आला. अक्कांनी म्हातारीच्या तोंडावरून हात फिरवला, दोघांना जेवू घातलं. ते गेल्यावर ताटं तशीच ठेवून त्या जिना चढून वर आल्या.

"पोरी, आमच्या मालकांचं कन्नडमधी काय लिवलंय? भोंग्याचं?"

मला कन्नड वाचता येत नाही. मी फोनलाच ते पान मोठ्याने वाचायला लावलं. अक्का कान देऊन ऐकत होत्या. 'संध्याकाळी ते कारखान्याच्या सायरनविषयी चौकशी करतात.' शुद्ध कन्नड. एकही चूक नाही. भोंगा शब्द मात्र कुठेच नव्हता.

अक्कांचा पदर घ्यायचाही राहिला. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "ते जे बोलतात ते बदलू नको. भोंगा म्हंजे भोंगा. सगळ्या भाषेत भोंगाच ठेव."

यंत्राने माफी मागितली आणि ठेवला. तेव्हा दसरा होऊन गेला होता.

दिवाळीच्या तोंडावर तुमकूर रस्त्यावरच्या एका गावातून फोन आला. निराधार म्हाताऱ्यांना सांभाळणारी एक संस्था होती तिथे. तिथली परिचारिका बोलत होती. ती अक्कांना म्हणाली, तुम्ही या, फोनवर नको.

मी बरोबर गेले. परिचारिका पोक्त, गोड बोलणारी. तिने आम्हाला बसवलं, पाणी दिलं. मग सांगितलं की हमरस्त्याच्या कडेला तापाने फणफणलेला, अनवाणी असा एक म्हातारा त्यांना मिळाला होता. बरा झाला, राहिला. काय बोलतो ते कुणाला कळत नव्हतं. नाव विचारलं की भोंगा, गाव विचारलं की भोंगा. "म्हणून आम्ही त्यांना भोंगा अज्जाच म्हणायचो. आम्हाला वाटलं, तेच नाव."

"आता कुठं हायेत?" अक्कांनी विचारलं. मराठीत. मग लक्षात येऊन कन्नडमध्ये.

श्रावणात पुन्हा ताप आला, आणि त्यातून उठले नाहीत. संस्थेनेच सगळं केलं. परिचारिकेने एक फोटो दाखवला. खाटेवर बसलेले मालक, समोर बशी. राखाडी स्वेटरची बटणं एक घर चुकवून लावलेली.

अक्का फोटोकडे बघत होत्या. मला वाटलं, आता हंबरडा फोडतील. त्यांनी परिचारिकेला विचारलं, "संध्याकाळी ते विचारायचे, तेव्हा तुम्ही काय सांगत होता?"

परिचारिका गोंधळली. "आम्हाला वाटायचं ते नाव सांगतायत. आम्ही म्हणायचो, होय अज्जा, होय."

"होय म्हणत होता?"

"होय."

अक्कांनी मान हलवली. दोनदा. मग त्या बाईचा हात हातात घेतला. "मग झालं," म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. पीण्या जवळ आलं तेव्हा एवढंच बोलल्या, "पाडव्याला नीट लिवलं असतं तर." मी म्हणाले, अक्का, ते कुणाला ठाऊक होतं? पुढे त्यांनी तो विषय कधी काढला नाही. यंत्राला त्यांनी शब्दाने दुखवलं नाही. दोष द्यायला समोर कुणी असावं लागतं. त्यांच्यापुढे कुणीच नव्हतं.

पानावर तोवर बरीच माणसं जमली होती. प्रत्येक फोटोखाली एक पट्टी होती: 'शोध चालू' किंवा 'सापडले'. रविवारी अक्का वर आल्या. मालकांची पट्टी बदलायची होती. यंत्राने सुचवलं: 'दिवंगत'. अक्का नको म्हणाल्या. 'शोध समाप्त'. तेही नको. 'स्मृतिशेष', 'देवाघरी', 'चिरशांती'. सगळी चांगली चांगली मराठी ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "नुसतं 'कळलं' लिही."

तेव्हापासून त्या पानावर तिसरी पट्टी आहे. पुढे ती आणखी काहींच्या फोटोंखाली लागली. फोन करून लोकच सांगायचे, "अक्का, आमचंही 'कळलं' करा."

वर्षश्राद्ध झाल्यावर अक्कांनी भाकऱ्या बंद केल्या. भाऊ गावाहून न्यायला आला. फोन मात्र त्यांनी जवळच ठेवला. गावाहूनही त्या लोकांचं ऐकून घ्यायच्या आणि मला कळवायच्या, मी पानावर घालायचे. पुढल्या थंडीत भावाचा फोन आला. रात्री झोपल्या त्या सकाळी उठल्याच नाहीत, म्हणाला. आता पानावर माझा नंबर आहे. लोक सांगतात, मी लिहून घेते. पण माझ्याशी बोलताना ते लवकर थांबतात. मी काय कमी करते ते मला कळत नाही.

अक्का भावाबरोबर गावी निघाल्या त्या दिवशी मी पीण्याच्या बसस्टँडवर पोचवायला गेले होते. सकाळची बस. भाऊ पिशव्या वर ठेवत होता. अक्का खिडकीशी बसल्या होत्या आणि मी खालून काहीबाही सांगत होते, औषधं घ्या, पोचलात की कळवा. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "हेळ्री," सांगा, म्हणत त्यांनी तो कानाला लावला. बाहेर गाड्यांचा गोंगाट होता. ऐकू येईना, म्हणून त्यांनी दुसऱ्या हाताने खिडकीची काच ओढून घेतली. काचेपलीकडे त्यांचं डोकं हळूहळू हलत होतं, होय, होय म्हटल्यासारखं. बस निघाली. मी हात केला. त्यांचं लक्ष नव्हतं.