आधी कुणाला लागलंय ते बघ

कुमुदबाई मोटारीत बसल्या की आधी चपला काढून मागच्या सीटखाली सारायच्या, देवळात शिरावं तशा. "चपलेतून पायाला काही कळत नाही," म्हणायच्या. पालघरात तेव्हा बाईमाणूस मोटार चालवताना क्वचितच दिसे. त्यांची पांढरी फियाट शाळेच्या फाटकातून बाहेर पडू लागली की मुली अभ्यास टाकून खिडकीशी जमायच्या. यजमानांची नजर अधू झाली, तेव्हा गाडी विकायचं सोडून या बाई चाळिशीत गाडी शिकल्या होत्या. केळव्याच्या वाडीत, पानवेली आणि केळींत वाढलेल्या. शाळेत शुद्ध बोलायच्या, पण राग आला किंवा घाई झाली की वाडीची बोली तोंडात यायची.

त्या आमच्या मुख्याध्यापिका आणि मी नुकतीच लागलेली शिक्षिका. पहिल्याच आठवड्यात माझ्या वर्गात काचेची बरणी फुटली. कोणी फोडली, कोणी फोडली, म्हणून मी आवाज चढवला. बाई दारातून आत आल्या आणि मला म्हणाल्या, "आधी कुणाला लागलंय ते बघ. कुणी केलं ते मागाहून." एका मुलीच्या टाचेत काच रुतली होती आणि ती बिचारी भीतीनं गप्प उभी होती. हे वाक्य बाई दिवसातून एकदा तरी म्हणायच्या. आम्ही शिक्षिका त्यांच्यामागे त्याची नक्कलही करायचो. ते वाक्य त्यांना स्वतःला किती जड जाऊ शकतं, हे मला मासवणच्या रस्त्यावर कळलं.

मनोरच्या शाळेत प्रदर्शन होतं. ते आटोपून दुपारी आम्ही परत निघालो. बाई गाडी चालवत होत्या, शेजारी त्यांचे धाकटे दीर वसंतराव, मागे मी आणि प्रदर्शनाचं सामान. वसंतरावांना पालघरला कुणाला तरी भेटायचं होतं. ते सारखे म्हणत, "वयनी, जरा दाबा की." मासवण मागे पडलं. पुढे रस्ता उजवीकडे वळत होता, दोन्ही बाजूंना झाडी. बाईंनी ते वळण कापून घेतलं, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या बाजूनं. आणि समोरून सायकल आली. चालवणारा पुरुष, मागे कॅरियरवर बायको. ब्रेकचा आवाज आणि धडक एकदमच झाली. त्याची बायको बाजूच्या गवतात फेकली गेली. पुरुष आमच्या बॉनेटवर आपटून रस्त्यात पडला.

बाईंनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि मागे न बघता माझ्या मांडीवर टाकली. "ही तुझ्याजवळ ठेव. मागितली तरी देऊ नकोस." मला काहीच उमगलं नाही. वसंतराव ओरडत होते, "वयनी, गाडी काढा! आता गाव जमंल. पालघरला चौकीवर जाऊन सांगू." त्यांचं अगदीच चूक होतं असं नाही. त्या रस्त्यावर जमावानं ड्रायव्हरांना मारल्याचं, गाड्या जाळल्याचं सगळ्यांनी ऐकलेलं होतं. बाई मात्र दार उघडून अनवाणीच डांबरावर उतरल्या होत्या.

तो माणूस शुद्धीत होता, विव्हळत होता. उजवी मांडी विचित्र वळलेली, पोटरीतून रक्त वाहत होतं. त्याची बायको खरचटलेल्या हातांनी त्याला बगलेत धरून ओढायला लागली. "ओढू नको गं! मान हलवू नको त्याची!" बाई गुडघ्यांवर बसल्या, पदराचा बोळा करून जखमेवर दाबला. तेवढ्यात मागून, मनोरच्या बाजूनं, ट्रकचा घरघराट ऐकू आला. वळणापलीकडून येणाऱ्याला आम्ही दिसणारच नव्हतो. भर रस्त्यात आमची गाडी, आणि तिच्यापुढे हा माणूस.

"पळ!" बाई माझ्यावर ओरडल्या. "लाल कापड घे नि वळणाच्या मागं पळ!" प्रदर्शनाच्या टेबलावरचं लाल कापड मी ओढलं आणि साडी वर धरून धावले. ट्रक उतारावरून येत होता. मी रस्त्याच्या मध्ये उभी राहून कापड हलवत किंचाळत होते. ट्रक थांबेना. त्याची जाळी मोठी मोठी होत गेली. शेवटी चाकं करकरली आणि मी कडेला उडी मारली. ट्रक माझ्या पुढे जाऊन, फियाटच्या मागे दोन हातांच्या अंतरावर उभा राहिला. ड्रायव्हर शिव्या देत उतरला आणि समोरचं बघून गप्प झाला. मग त्यानंच झाडाच्या फांद्या मोडून दोन्ही बाजूंना रस्त्यावर आडव्या टाकल्या.

तोवर पाड्यावरची माणसं जमली होती. कुणाच्या हातात कोयता होता, कुणाच्या हातात काठी. कामावरून आली असतील तशी आली होती, पण मला ती हत्यारंच दिसत होती. ट्रकवाला बाईंना हळूच म्हणाला, "मॅडम, निकल जाओ. ये लोग छोड़ेंगे नहीं." गर्दीतून कुणीतरी विचारलं, "गाडी कोन चालवत व्हता?" सगळे वसंतरावांकडे बघत होते.

"मी चालवत होते," बाई म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही, जखमेवरचा हातही काढला नाही. "काय करायचं ते मागाहून करा. आदी याला उचलायला पायजे. खाट आणा कोनीतरी, लवकर!"

एक म्हातारा पुढे आला. "खाट आनली, नं तू पळालीस तं?"

"मी याच्याबरोबरच जाते. गाडी हितंच राहील, पोलीस येईपर्यंत कोनी हलवायची नाय. माझे दीर गाडीपाशी थांबतील. तुमची दोन मानसं माझ्याबरोबर द्या." दीर थांबतील हे वसंतरावांना त्याच क्षणी कळलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. पण ते गाडीला टेकून उभे राहिले आणि पोलीस येईपर्यंत तिथून हलले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

खाट आली. ट्रक रिकामाच होता. सहा-सात जणांनी त्या माणसाला सरळ ठेवून खाटेसकट वर चढवलं. बाई, त्याची बायको, पाड्यावरचे दोघे आणि मी मागे बसलो. वाघोबाच्या खिंडीत ट्रक हिसके देऊ लागला, तेव्हा खाटेचे पाय आम्ही सगळ्यांनी मिळून धरले होते. त्याचं नाव लाडक्या, तिचं जिवली, हे मला तेव्हा कळलं. जिवली बाईंकडे एकटक बघत होती. त्या नजरेला नजर देणं मला तरी जमलं नसतं.

लाडक्याला दवाखान्यात आत नेलं आणि बाई मागच्या नळापाशी गेल्या. मीही गेले. त्यांना उलटी झाली. चूळ भरून त्यांनी हातांवरचं रक्त धुतलं. मग त्या म्हणाल्या, "मला पळायचंच होतं गं. पाय क्लचवर होता. इंजिन चालू राहिलं असतं तर मी गेले असते. म्हणून किल्ली तुझ्याकडे टाकली."

हवालदार आला. मासवणहून पोलिसांबरोबर आलेले वसंतरावही मागोमाग पोचले आणि बाईंना बाजूला घेऊन कुजबुजले, "वयनी, सायकल आडवी आली एवढंच सांगा. शाळेचा विचार करा." बाईंनी हवालदाराला सांगितलं, "वळण मी कापलं. हॉर्न दिला नाही. ते त्यांच्या बाजूनंच येत होते." हवालदारानं लिहायचं थांबवून विचारलं, "बाई, असंच लिहू?" "झालं तसंच लिहा."

लाडक्या वाचला, पण पाय आखूड राहिला. तो ताडावर चढणारा माणूस होता, ते कायमचं सुटलं. त्याच्या उपचारांचं सगळं बाईंनी पाहिलं. त्या दर आठवड्याला दवाखान्यात जायच्या, आणि दर वेळी जिवली भिंतीकडे तोंड करून बसायची. एकदा मी म्हटलं, "बाई, ती बोलतसुद्धा नाही, कशाला जाता?" त्या म्हणाल्या, "तिनं बोलावं म्हणून मी जाते का?" शाळेच्या मंडळात कुजबूज होती. मुख्याध्यापिकेवर खटला, शोभतं का, वगैरे. बाईंनी स्वतःहून राजीनामा लिहून दिला. मंडळानं खटल्याचा निकाल लागेपर्यंत तो तसाच ठेवला, आणि ते महिने बाई खुर्चीच्या कडेवर बसल्यासारख्या वावरल्या. गाडीला त्यांनी पुन्हा हात लावला तेव्हा मी शेजारी होते. पहिल्या वळणावर त्यांचा चेहरा घामानं निथळत होता.

पालघरच्या कोर्टात बाईंनी गुन्हा कबूल केला. शिक्षा सांगण्याआधी न्यायाधीशांनी जिवलीला विचारलं, "तुला काही सांगायचं आहे?" जिवली कठड्याला धरून उभी राहिली. मला वाटलं, आता तिचा सगळा राग बाहेर पडणार.

"हिनं भोंगा नाय वाजवला," ती म्हणाली. "माज्या नवऱ्याचा पाय हिनं मोडला. ते खरां हाय." मग म्हणाली, "माजा बापूस बी याच रस्त्याव पडला व्हता. ती गाडी थांबली नाय. आमाला कळलं तवा त्याच्याव माश्या व्हत्या. ही थांबली. मना येवढाच सांगाचा हाय."

बाईंना दंड झाला, आणि कोर्ट उठेपर्यंत तिथंच बसून राहण्याची शिक्षा. त्या बाकावर ताठ बसून राहिल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. राजीनामा पुढे मंडळानं परत केला. बाई निवृत्त होईपर्यंत शाळेतच होत्या, नंतर लेकीकडे राहायला गेल्या आणि तिथंच वारल्या. पण मला त्या आठवतात त्या कोर्ट उठल्यानंतरच्या.

बाहेर आलो तर लाडक्या आणि जिवली रस्त्याच्या कडेला उभे होते. बाई त्यांच्यापाशी गेल्या. "मासवणला सोडू का?"

जिवलीनं फियाटकडे पाहिलं. "नको. आमी एस्टीनं जाव."

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. गाडी तिथंच कोर्टासमोर राहू दिली आणि त्या दोघांबरोबर, लाडक्याच्या पावलानं, स्टँडपर्यंत चालत गेल्या. एस्टी लवकर आली नाही. तिघं एका ओळीत उभी होती. एस्टी लागली तेव्हा पायरी उंच होती. लाडक्याला एका बाजूनं जिवलीनं धरलं. मग तिनं मान वळवून बाईंकडे पाहिलं आणि म्हणाली, "त्या अंगानं धर."

बाईंनी धरलं.