अनवाणी वॉर्म-अप: आण्णांच्या जर्मन साहेबांना भेटायला यॉर्कशायरला

आण्णांचं परतीचं विमान बुधवारी होतं. सहा महिने आमच्याकडे ब्रॅकनेलला राहून माझ्या वडिलांनी लंडन पाहिलं, विंडसरचा किल्ला पाहिला, माझ्या ऑफिसची काचेची बिल्डिंग बाहेरून पाहिली आणि सगळीकडे "बरं आहे की" एवढंच म्हणाले. शेवटी मीच विचारलं, "आण्णा, काय बघायचं राहिलंय सांगा, वीकेंडला जाऊन येऊ." तर चहाच्या कपात बघत म्हणाले, "साहेब कुठं असतील गं आता?"

साहेब म्हणजे एकहार्ट. ज्यांना कोल्हापूर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे चेष्टा नाही. पेठेपेठेत तालमी आहेत, आत कुस्तीची लाल माती, बाहेर फुटबॉलची टीम, आणि मॅचच्या दिवशी दोन पेठांतले सख्खे मेव्हणे एकमेकांशी बोलत नाहीत. मी प्राथमिक शाळेत असताना आमच्या तालमीच्या अध्यक्षांनी हौसेनं एका हिवाळ्यासाठी थेट जर्मन कोच आणला. तिकडे दुसऱ्या डिव्हिजनमध्ये डिफेंडर होता, तिशीच्या आतच गुडघा गेला, मग कोचिंगचे कोर्स केले. स्वतःची म्हणावी अशी त्याची पहिली टीम म्हणजे आमची. पेठेनं आठवड्याभरात त्याचं 'एकनाथ साहेब' करून टाकलं.

साहेबांना मराठी येईना, पोरांना इंग्लिश येईना. आण्णा दूध संघात नोकरीला, मॅट्रिकपर्यंतचं इंग्लिश आणि फुटबॉलचं वेड. साहेबांच्या डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागं, हात पाठीशी बांधून ते उभे राहायचे. साहेब हळू आवाजात इंग्लिशमध्ये बोलायचे आणि आण्णा तेच कोल्हापुरीत ओरडायचे. अख्खा सीझन असा गेला. जाताना स्टेशनवर साहेब म्हणाले, पुढं टीम मिळाली की तुला असिस्टंट म्हणून बोलावतो. ते बोलावणं काही आलं नाही. "काय आण्णा, व्हिसा आला का?" असं पेठेत कित्येक वर्षं चिडवायचे, आणि आण्णा हसायचे. का बोलावलं नाही, ते एकदा साहेबांच्या तोंडून ऐकायचं, एवढंच त्यांचं राहिलं होतं.

नाव टाकून शोधलं तर लीड्सच्या पुढच्या एका छोट्या गावातल्या क्लबच्या वेबसाइटवर फोटो सापडला. डोक्यावर टोपी, पिकलेली दाढी. मला काही ओळखू येईना. आण्णांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "उभा राहायची तऱ्हा तीच हाय." झालं. नवऱ्याची ऑन-कॉल ड्युटी होती, म्हणून आम्ही दोघंच निघालो. गावाचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही. साहेबांना गर्दी खपत नाही.

शुक्रवारी सकाळी ब्रॅकनेल सोडलं. एम-ट्वेंटीफाइव्हला नेहमीचा रडका ट्रॅफिक, त्यानंतर एम-वन धरला की सरळ उत्तरेला. टोल नाही, पण सर्व्हिसेसवर, म्हणजे हायवेलगतच्या थांब्यांवर, महागडं पेट्रोल अजिबात भरू नका, सुपरमार्केटच्या पंपावरच टाकी फुल करून निघा. खायचंही घरूनच न्या. आम्ही दशम्या, खर्डा आणि घट्ट दही नेलं होतं. सर्व्हिसेसच्या पार्किंगमध्ये डिकी उघडून उभ्या उभ्या खाल्लं, शेजारच्या गाडीतली बाई खर्ड्याच्या वासानं शिंकली. आण्णांबरोबर असलं की माझं कोल्हापुरी परत येतं, तिकडच्या बायकांसारखं 'मी येतो, मी बघतो' सुरू होतं. ऑफिसमधल्या पुण्याच्या मुली त्यावर हसतात. मला मात्र ते ऐकून बरं वाटतं.

"तुम्ही विचारणार ना त्यांना?" मी गाडी चालवता चालवता म्हटलं. "न्हाईतर मी विचारतो."

"तू गप बस. ओळखलं तर बघू."

रात्री लीड्सच्या बाहेर रिंग रोडला हॉटेल घेतलं. शहरात राहू नका, पार्किंगचेच पैसे होतात. जेवायला जवळच एक पंजाबी धाबा होता, मटण झकास. आण्णांनी रस्सा चाखून "रंग हाय, तिखट न्हाई" असा निकाल दिला आणि तरी दोनदा वाढून घेतला. त्या वयात, त्या थंडीत त्यांचा उत्साह बघून मला एकच काळजी होती. उद्या त्या माणसानं ओळखलंच नाही तर?

शनिवारी सकाळी आण्णांनी दोनदा दाढी केली. लग्नाकार्यातला कोट, आत दोन स्वेटर, आईनं कोल्हापूरहून विणून पाठवलेली कानटोपी. लीड्स सोडल्यावर रस्ता चढायला लागतो. काळपट दगडी भिंती, मेंढ्या, मध्येच गिरणीची चिमणी. मार्चमध्ये जाणार असाल तर सोबत वेलिंग्टन बूट ठेवा, चिखल सगळीकडे आहे. त्या वाटेनं मलाही उगाच घरची आठवण येत होती. खरं तर तिथं घरासारखं काहीच नव्हतं. आण्णा जाणार होते, म्हणून येत असावी.

मैदान एका उतारावर. एका बाजूला पत्र्याचा छोटा स्टँड, बाकी तीन बाजूंना नुसतं लोखंडी रेलिंग. तिकीट एका सँडविच-कॉफीच्या भावात, आणि वयस्करांना निम्मं. दारावरच्या आजीबाईंनी आण्णांकडे बघून विचारलं, "कुठून आलात, लव्ह?" आण्णा म्हणाले, "कोल्हापूर." त्यांनी मान डोलावली, पुढच्या गावाचं नाव असल्यासारखी.

आम्ही रेलिंगला टेकलो आणि समोर बघितलं तर क्लबची टीम वॉर्म-अपला बाहेर येत होती. हातात बूट आणि पाय उघडे. त्या गार चिखलात धिप्पाड यॉर्कशायरी पोरं कुरकुरत, शिव्या देत अनवाणी मैदानाला फेरी मारत होती. त्यांच्या मागून, हातात बूट घेऊन, पँट घोट्याच्या वर दुमडून, एक म्हातारा लंगडत चालला होता.

"आण्णा, हे काय करायलेत?"

आण्णांनी तोंडावर रुमाल धरला होता. आधी वाटलं रडतायत, मग कळलं हसतायत. "अगं, आपल्या तालमीत बुटांचे जोड होतेच किती? ज्युनियरची मॅच आधी, सीनियरची नंतर. ज्युनियरच्या पायातनं बूट निघंपर्यंत आमची पोरं अनवाणीच फिरायची. साहेब दर मॅचला बघायचे आणि मान डोलवायचे. मला वाटायचं त्यांना वाईट वाटतंय. त्यांनी ते शास्त्र समजून उचललं की."

मॅच सुरू झाली. साहेब बूट घालून टचलाइनला येऊन उभे राहिले, आमच्यापासून चार हातांवर, मध्ये फक्त रेलिंग. मी म्हटलं, जावा, हाक मारा. आण्णांनी आधी कानटोपी नीट केली. मग हळूहळू सरकत ते रेलिंगच्या अलीकडे, साहेबांच्या डाव्या बाजूला गेले. हात पाठीशी.

घरच्या टीमचा डावा विंगर सारखा आत घुसत होता. साहेब वैतागून स्वतःशीच पुटपुटले, "वाईड. टेल हिम, वाईड." कुणाला सांगत होते कुणास ठाऊक. शेजारचा असिस्टंट फोनमध्ये बघत होता. आणि आण्णा कोल्हापूरच्या पट्टीत ओरडले, "ए, आत काय मरायलाईस! रेषेला चिकट, रेषेला!"

सगळं मैदान वळून बघायला लागलं. विंगर खरंच रेषेवर जाऊन उभा राहिला, बहुतेक घाबरून. साहेब मात्र लगेच वळले नाहीत. समोरच बघत म्हणाले, "आन्ना?"

"येस सर," आण्णा म्हणाले.

उरलेली मॅच दोघांनी तशीच उभ्यानं बघितली, मध्ये रेलिंग. साहेब पुटपुटायचे, आण्णा ओरडायचे. तरी हरलो. निकालाचं मला काही वाटलं नाही.

नंतर क्लबहाऊसमध्ये बसलो. मटण 'पाय', म्हणजे खिमा भरून भाजलेली जाड पेस्ट्री, आणि वाटलेले हिरवे वाटाणे मिळतात, वाटाण्यांवर व्हिनेगर घालून खातात, नाक मुरडू नका, गरम चांगले लागतात. साहेबांनी कॅप्टनला बोलावलं आणि आण्णांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "ज्या अनवाणी फेरीवरून तुम्ही मला शिव्या देता ना, ती या माणसाच्या गावची. मी जर्मनीत दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळलो, तिथं हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पायाला मैदान कळलं पाहिजे." मी तोंड उघडणार तेवढ्यात टेबलाखालून आण्णांनी माझ्या पायावर पाय दिला. "करेक्ट, सर," ते म्हणाले, "पायाला कळलं पाहिजे."

कॅप्टन गेल्यावर मात्र माझ्यानं राहवेना. मी सरळ विचारलं, "तुम्ही यांना बोलवणार होता. का नाही बोलावलं?" आण्णा माझ्याकडे डोळे वटारून बघत राहिले.

साहेबांनी ग्लास फिरवला. कोल्हापूरहून गेल्यावर त्यांना जर्मनीतल्या एका मोठ्या क्लबनं टीम दिली आणि सीझन संपायच्या आत काढूनही टाकलं. मग फिनलंड, सायप्रस, वेल्स. कुठं दोन सीझन, कुठं एक. शेवटी बायकोच्या या गावात. "मला वाटायचं, आधी मोठा होतो, मग याला बोलावतो," ते म्हणाले. "छोट्या टीमवर कसं बोलवायचं? लाज वाटायची. आणि मोठा मी कधी झालोच नाही."

आण्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "आय थॉट माय इंग्लिश वॉज नॉट इनफ, सर."

साहेबांनी ग्लास बाजूला सरकवला. आणि आण्णांचा हात धरून ते बसून राहिले.

परतीच्या वाटेवर आण्णा गाडीत झोपले आणि मी एकटी विचार करत राहिले. साहेब गेले, वर्षभर बोलावणं आलं नाही, त्याच्या पुढच्याच जूनमध्ये त्यांनी मला पेठेतल्या मराठी शाळेतून काढून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या कॉन्व्हेंटला घातलं होतं. मैत्रिणी तुटल्या म्हणून मी महिनाभर रडले होते. आण्णांना शिंगं फुटली, असं पेठ म्हणायची. रोज सकाळी सायकलवर पुढं बसवून सोडायचे आणि वाटेत स्पेलिंगं विचारायचे. आपलं इंग्लिश कमी पडलं म्हणून पोरीचं पडू नये, एवढाच तो हिशोब. त्याच इंग्लिशवर मी ब्रॅकनेलला आले आणि आण्णा कोल्हापूरला राहिले. त्यांचं इंग्लिश कधी कमी पडलंच नव्हतं, हे कळायला आम्हा दोघांना यॉर्कशायरला जावं लागलं.

बुधवारी हीथ्रोला सोडलं. सिक्युरिटीपाशी मी म्हटलं, "पुढच्या वर्षी या परत." ते "बघू की" म्हणाले. दोघांनाही माहीत होतं की त्यांचे गुडघे आता एवढा प्रवास करणार नाहीत. मी घरी आले तर त्यांची कानटोपी रेडिएटरवर वाळत होती. ती अजून तिथंच आहे, मला उचलवत नाही.

गाव शोधून तुम्हाला जायचंच असेल तर मोसम संपायच्या आत जा, छत्री न्या, आणि खर्डा थोडा जास्त न्या, साहेबांना अजून आवडतो. माझ्यापुरतं विचाराल तर या प्रवासातला शनिवार अजून संपलेला नाही. कारण आता दर शनिवारी आईचा मला फोन येतो, तिकडच्या ऐन जेवणाच्या वेळी. साहेब व्हिडिओ कॉल लावून, मॅच दिसेल असा, यॉर्कशायरच्या बाकावर फोन टेकवून ठेवतात आणि आण्णा कोल्हापुरातल्या आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात टेबलावरच्या फोनसमोर, हात पाठीशी बांधून, हाफटाइम सोडला तर पूर्ण मॅच उभे राहतात.

"ताट गार व्हायलंय," आई म्हणते. "खुर्ची दिली तरी बसत न्हाईत. असिस्टंट बसत न्हाई म्हणतात. तू तरी सांग की."

मागून आण्णांचा आवाज येत असतो, रेषेला चिकट, रेषेला.

"आई, राहू दे," मी म्हणते. "ते कामावर आहेत."