गवतवाल्यांची ओळख परेड

महायुद्धाच्या काळात बेळगावच्या लष्करी कॅम्पात इथल्या बायकांचं बोलणं साहेबाला इंग्रजीत सांगायचं असलं, की आमच्या शाळेत शिपाई यायचा. मी मास्तर; बहुधा मलाच धाडत.

एका खेपेला काम ओळख परेडचं होतं. खेचरांच्या तबेल्याला गवत आणणाऱ्या उचगावच्या बायकांपैकी एकीवर तबेल्यामागे एका सैनिकाने अत्याचार केला होता. जबाब बाईडॉक्टरने घेतला होता. आता तिने रांगेतल्या माणसाला हात लावून दाखवायचं. नाही दाखवलं तर तो सुटणार. दाखवलं तर अख्ख्या पलटणीला तिचा चेहरा कळणार, आणि गवत तर तिथेच आणायचं.

परेड मात्र थाटाची. एका उंचीचे, सारख्या मिशांचे जवान निवडून उभे केलेले, बटणं घासून लख्ख. लाटसाहेब आला असता तरी याहून जास्त काही करता आलं नसतं.

फाटकातून बायका आल्या त्या घोळक्याने. सारखीच काळी इरकली लुगडी, पदर हनुवटीपर्यंत ओढलेले. साहेब म्हणाला, फिर्यादी बाईने एकटीने पुढे यावं. मी ते मराठीत सांगितलं.

पुढची म्हातारी म्हणाली, "एकटी हुती म्हणूनच झालं न्हवं, मास्तर? आता न्हाय जायाची एकटी."

"आक्का, नियम आहे तसा."

"तेनी आपली माणसं एकासारखी एक हुबी केल्यात. आमी बी केल्यात. सांगा की सायबाला."

सांगितलं. साहेबाने टोपी चाचपली. मग त्याने होकाराची मान डोलावली.

बायका एकामागोमाग रांगेपुढून चालल्या. बांगड्या तेवढ्या वाजत होत्या. मध्येच एका पदराखालून हात आला, एका छातीला टेकला आणि आत गेला. मनगटावर गवताच्या पात्यांनी कापल्याच्या जुन्या रेघा होत्या. तशा त्या सगळ्यांच्याच हातांवर असायच्या. ती कोण, मला आजही ठाऊक नाही.

खटला बंद दाराआड चालला. पुढे म्हातारी बाजारात भेटली. "काय शिक्षा झाली वं त्येला?"

मी कॅम्पात विचारून आलो होतो. गोपनीय आहे, सांगता येत नाही, असं उत्तर मिळालं होतं. तेच तिला सांगितलं.

"म्हंजे त्येच्या बी तोंडावर पदर वडला म्हणा की," ती म्हणाली. हसली नाही.

परेडनंतर उचगावचं गवत फाटकाच्या आत गेलं नाही. बायका भारे रस्त्याकडेला टाकून माघारी फिरायच्या, आणि ते उचलायला पलटण खेचरं घेऊन बाहेर यायची, बटणं लावून.