देवीच्या उजव्या खांद्यावरची कळी

माझा माणसांवरच विश्वास नव्हता, मग देवावर कुठून असणार? आज हे लिहिताना लाज वाटते, पण त्या काळी मला याचा चांगलाच अभिमान होता. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. कोरेगावजवळच्या एका गावात दूध संकलन केंद्रावर मी तपासनीस होतो. सकाळी किटल्यांची रांग लागायची आणि प्रत्येक किटलीत काचेची नळी सोडून दुधाची डिग्री बघायची, हे माझं काम. समोरचा पाणी घालूनच आला आहे असं धरून चालायचं; डिग्री बरोबर आली तर त्याचं नशीब. केंद्रावर ते ठीकच होतं. पण ती नळी मी घरातही वापरायला लागलो. भावाचं खुशालीचं पत्र आलं, की याला आता काय हवं असेल? शेजारणीनं वाटीभर खीर पाठवली, की हिचं काय काम अडलंय? लोक माझ्याशी जपून बोलत. मला वाटे, आपल्याला कोणी फसवू शकत नाही म्हणून वचकून असतात.

एकदा बायकोच्या माहेराहून, कराडजवळच्या खेड्यातून तार आली: आई अत्यवस्थ, लगेच या. तिच्या धाकट्या भावाच्या लग्नाची बोलणी चालली होती. मी हसलो. म्हणालो, "तुला चार दिवस आधी नेऊन कामाला जुंपायचंय, म्हणून ही युक्ती." ती रडली, तेही मला सोंग वाटलं. तिसऱ्या दिवशी मी तिला एस.टी.त बसवलं. ती पोचली तेव्हा आईची रक्षासुद्धा सावडून झाली होती. परत आल्यावर ती मला एका शब्दानं बोलली नाही. पुढेही कशाबद्दलच फारसं बोलेनाशी झाली. घरात शांतता आली म्हणून मी समाधानात होतो. इतका मी आंधळा होतो.

आमच्या गावच्या देवीला कौल लावायची रीत आहे. गुरव मोगऱ्याच्या दोन ओल्या कळ्या पाषाणाच्या मूर्तीला चिकटवतो, एक देवीच्या उजव्या खांद्यावर, एक डाव्या. विचारणारा उंबऱ्याबाहेर उभा राहून गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पेरणी, सोयरीक, दुखणं, सगळं गाव तिथे विचारायचं. बायकोही अधूनमधून जायची. या गुरवाचं पितळ उघडं पाडावं असं माझ्या मनानं घेतलं. रविवारी जाऊन मी खांबाशी उभा राहू लागलो. कोणती कळी किती ओली होती, वारा कोणत्या दारानं येत होता, किती वेळ लागला, सगळं डोळ्यांत तेल घालून बघायचो. खरं सांगायचं तर त्यात मला गोडी लागली होती. तिसऱ्या रविवारी मी गुरवाला म्हणालो, "ज्या बाजूला पाणी कमी, ती कळी आधी पडते. म्हणजे कौल देवीचा नाही, तुमचाच."

गुरव सत्तरीचा होता. कानानं कमी, हात थरथरायचे. तो रागावला नाही. "व्हय की," तो म्हणाला, "वली कळी धरून ऱ्हाती, सुकी सुटती. त्यात लपवायचं काय? आवं, माजी बोटं आता ऱ्हात न्हाईत. फुडल्या रईवारी आंगूळ करून वल्या पंचानं या, अन् तुमीच लावा कळ्या. मंग सांगा, कौल कुनाचा ते."

मी तर टपूनच होतो. घरी बायकोला सांगितलं, साताऱ्याला साहेबांनी बोलावलंय. सगळ्यांचं खोटं पकडणारा मी, खोटं बोलून देवळात गेलो. विहिरीवर अंघोळ केली, वहाणा पायरीपाशी सोडल्या आणि ओलेत्यानं गाभाऱ्यात शिरलो. आत अंधार होता. बाहेरच्या माणसाला समईच्या उजेडात देवीचा मुखवटा आणि खांदे तेवढे दिसत, कळ्या लावणारा दिसत नसे. मी दोन-तीन कौल लावले. एका म्हाताऱ्याची म्हैस, एका पोरीचं स्थळ. मी सरळ, सारख्या ओल्या कळ्या लावल्या, कारण मला प्रयोग करायचा होता. मग उंबऱ्यापाशी बांगड्या वाजल्या आणि मी ओळखीचा आवाज ऐकला. माझी बायको होती.

गुरवाला ऐकू जावं म्हणून सगळेच मोठ्यानं बोलत, तशीच तीही बोलली. "आई, माज्या डाव्या बगलंत गाठ हाय. गौरीच्या सणापास्नं हाय, आता चैत लागला. आदी हरबऱ्यायेवढी होती, आता सुपारीयेवढी झाली. दुकत न्हाई, पर भ्या वाटतंय. मालकांना सांगू का नगो? सांगितलं तर म्हनत्याल, माह्यारी जायाचं नवं निमित्त काडलं. त्ये आयकून घ्यायची ताकद आता माज्यात न्हाई. तूच सांग. सांगू का तशीच ऱ्हाऊ?"

माझ्या हातात कळ्या होत्या. सात महिने! एका चुलीपुढे जेवत होतो आम्ही. गावातल्या किटलीतलं चमचाभर पाणी मला दिसत होतं आणि हे दिसलं नव्हतं. लपवाछपवी तिची नव्हती, तिला बोलायला जागाच मी ठेवली नव्हती. मला तिथेच रडू फुटलं.

मग मी काय केलं, ते कबूल करतो. मी लबाडी केली. डावी कळी पाण्यात चांगली भिजवून दाबून बसवली आणि उजवी समईजवळच्या कोरड्या फडक्याला पुसून नुसती टेकवली. ती क्षणात पडायला हवी होती. पडली नाही. मी बघत राहिलो. तेवढ्यात डावी, ती भिजवलेली, हळूच घसरली आणि टोकावर लोंबू लागली. मी तिला सावरायला बोट पुढे केलं, तर गुरव शेजारून म्हणाला, "आता हात नगो."

आता हात नको! जन्मभर मी सगळीकडे हात घालत आलो होतो. करण्यासारखं काहीच उरलं नाही, तेव्हा मी हात जोडले. मला एकही स्तोत्र येत नव्हतं. मनात म्हणालो, आई, पाड. मी ऐकून घेईन. किती वेळ गेला, मोजायचं भान नव्हतं. उजवी कळी पडली. माझ्या पायाशी पडली. डावी तशीच लोंबत होती.

त्या दिवशी घरी गेलो तर ती चुलीशी बसून भाकरी थापत होती. तिनं सांगायची वाट बघावी, असं ठरवून गेलो होतो, पण मला धीर धरवला नाही. म्हणालो, "उद्या आपण मिरजेला जाऊ. मोठ्या दवाखान्यात." ती "बरं" म्हणाली. कशाला म्हणून विचारलं नाही. साध्या खिरीच्या वाटीवर संशय घेणारा मी, त्या "बरं"चा मला संशयही आला नाही. कोरेगावहून रेल्वेनं आम्ही मिरज गाठली. पहिल्यांदाच वाटेत तिनं आईच्या आठवणी काढल्या आणि मी मधे न बोलता ऐकल्या. गाठ काढली. वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. या गोष्टीला आता चार वर्षं होतील. वर्षातून एकदा तपासायला जातो, ती खुशाल आहे.

पण माझी खोड पुरती गेली नव्हती. पुसलेली कळी का टिकली, हे मला छळत होतं. गेल्या चैत्रात ती पाणी भरायला गेलेली बघून मी पाटा भिंतीला उभा केला आणि मोगऱ्याच्या कळ्या लावून बघू लागलो. वीस वेळा तरी लावल्या असतील. प्रत्येक वेळी पुसलेली कळी लगेच पडली, ओली राहिली. एवढ्यात ती घागर घेऊन दारात. मला बघून पदर तोंडाला लावून हसायला लागली. मग मी तिला सगळं सांगितलं: गाभाऱ्यात कळ्या मी लावत होतो, तुझं गाऱ्हाणं मी ऐकलं, लबाडीसुद्धा केली.

ती घागर उतरवून म्हणाली, "मला ठावं हाय. टाचंला टायर ठोकल्याल्या तुमच्या वहाना पायरीवर दिसल्या की. तुमी आत हाय म्हनून तर येवढ्या मोठ्यानं बोलले. आईम्होरं तरी तुमाला मधी बोलता आलं नसतं."

मला वाटत होतं, कौलानं तिला माझ्याशी बोलायला सांगितलं. ती तर आधीच बोलली होती. कौल लावला गेला होता तो मला, ऐकतोस का म्हणून. माझ्या असल्या स्वभावातूनही तिनं माझ्यापर्यंत वाट काढली आणि त्या आईनं मला तेवढा वेळ गप्प उभं केलं. दोघींपैकी आधी कोणाच्या पायावर डोकं ठेवावं, ते मला अजून कळत नाही. पुसलेली कळी का टिकली, तेही कळत नाही. आता पाटा उभा करत नाही. कुतूहल आहेच, ते असू दे. तिनं हाक मारली, की हातातलं काम ठेवून मी आधी ऐकतो.