घुमेरावांचा बास ऐकू येतो का?

घुमेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण पाटी जिन्यात उभं राहून वाचावी लागते आणि त्यांच्या बासगिटारचा आवाज मात्र घरबसल्या पोचतो. रोज संध्याकाळी साडेसात वाजले की भिंतीतून घुंऽऽ घुंऽऽ सुरू. वरच्या मजल्यावरच्यांना वाटतं खाली पाण्याचा पंप लागला, खालच्यांना वाटतं वर कुणी कपाट सरकवतंय. यावरून इमारतीनं एकमतानं त्यांचं बारसं केलं. एरवी आमच्या इमारतीचं जिन्यातल्या बल्बवरसुद्धा एकमत होत नाही.

दिवसा घुमेराव चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. नंबराची काच मशिनवर धरायची, फ्रेमच्या मापाला आणायची, खटकन बसवायची. काच नीट बसली तर गिऱ्हाईक फ्रेमचं कौतुक करतं. हाही धंदा त्यांना बरोब्बर मिळाला आहे.

सुट्टीच्या दिवशी ते एका बँडमध्ये बासगिटार वाजवतात. पंचवीस वर्षं झाली. "गिटार वाजवता म्हणे?" असं कुणी कौतुकानं विचारलं की तेच घाईघाईनं दुरुस्ती करतात, "नाही हो, बास. म्हणजे गिटारच्या ज्या बारीक तारा लोकांना ऐकायला आवडतात ना, त्या माझ्याकडे नसतात. उरलेल्या चार माझ्याकडे." पुढं स्वतःच सांगतात, "बँडमधला फ्रीज म्हणा मला. कोपऱ्यात उभा राहून घुं करायचं. चालू असला तर कुणाचं लक्ष नाही, बंद पडला की बोंबाबोंब."

हे वाक्य ते फार जपून, शेवटी वापरत असत. बंद पडल्यावर बोंबाबोंब होते, एवढाच त्यांच्या आयुष्याला आधार होता.

बाकी या कलेत आधार देण्यासारखं फारसं काही नाही. बासचा आवाज जाड, म्हणून त्याचा ॲम्प्लिफायर जाड. चाळीस किलो. हॉल जितका नामांकित तितकी त्याची लिफ्ट बंद. गायिका पर्स घेऊन वर जाते, गिटारवाला गिटार पाठीला लावून शीळ घालत जातो, आणि घुमेराव दर चार पायऱ्यांवर खोकं टेकवून, वर जाणाऱ्या पाहुण्यांना "या, या" म्हणत उभे. कंबर धरली तेव्हा फिजिओथेरपिस्टनं विचारलं, "काम काय करता?" "संगीत." "कसलं संगीत? कपाटं उचलायचं?"

वर पोचल्यावर सगळ्यांना जागा वाटून होतात आणि उरते ती बासची. म्हणजे ड्रमवाल्याची झांज आणि पडदा यांच्यामधली फट. त्यांचा डावा कान गेली पंचवीस वर्षं त्या झांजेच्या नावावर करून दिलेला आहे. त्यात रबरी बोळा घालतात, तरी कार्यक्रमानंतर बायकोनं डावीकडून काही सांगितलं की ते नुसते हसतात. तिनं आता महत्त्वाचं उजवीकडून आणि टोमणे डावीकडून अशी विभागणी केली आहे.

तर गोष्ट अशी झाली, की बँडला कायमचं काम चालून आलं. एका बागेतल्या हॉटेलात दर रविवारी दुपारी वाजवायचं. बँडवाल्यांना असं काम मिळणं म्हणजे भाडेकरूला स्वतःचं घर मिळण्यासारखं. अडचण एकच. हॉटेलचं स्टेज चार माणसांचं, आणि बँडमध्ये माणसं पाच.

"यात भांडण्यासारखं काही नाही," कीबोर्डवाला म्हणाला. तो विम्याचा एजंट, वयानं सगळ्यांत लहान, त्यामुळे सगळ्यांच्या भविष्याची काळजी तोच करतो. "बास मी डाव्या हातानं वाजवू शकतो. नवीन कीबोर्डमध्ये तो आवाज आहे. काका, तुम्ही मनावर घेऊ नका हां."

"छे छे, मी कशाला मनावर घेतोय," घुमेराव म्हणाले. "पंचवीस वर्षं मी जे दोन हातांनी करतोय ते तू एका हातानं करणार, तेही डाव्या. कौतुकच आहे."

ते हसले, सगळे हसले. ड्रमवाला तेवढा हसला नाही. तो धंद्यानं प्लंबर, बोलायला महाग. तो म्हणाला, "ऐकून ठरवू."

गायिका बँडची प्रमुख. शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे परीक्षा घेतल्याशिवाय तिला चैन पडत नाही. तिनं ठरवलं, की येत्या रविवारी दुपारी निवृत्त बँक कर्मचाऱ्यांचं संमेलन आहे, तिथं पहिला अर्धा कार्यक्रम घुमेरावांसह करायचा, चहानंतरचा अर्धा त्यांच्याशिवाय. फरक वाटला तर ते राहतील, नाही वाटला तर चौघं.

घरी येऊन घुमेरावांनी हे बायकोला फार विनोदी करून सांगितलं. ती हसली नाही. रात्री जेवताना त्यांनी दुसऱ्यांदा मीठ मागितलं, ताटात पहिलं तसंच पडलेलं होतं, तेव्हा ती म्हणाली, "अहो, मी येते रविवारी."

"तू? तुला आवडत नाही ना?"

"गाणी नाही आवडत. तुम्हाला एकट्याला सोडवत नाही."

हे तिनं उजवीकडून सांगितलं.

रविवारचा हॉल दुसऱ्या मजल्यावर. साऊंडवाल्यानं आधीच फोन केला होता, "तो तुमचा रणगाडा आणू नका हो. तार सरळ माझ्या मशिनमध्ये लावा, आवाज हॉलच्या स्पीकरमधून जाईल." घुमेरावांना हे एवढं पटलं, की त्यांनी फोनवरच कंबर चोळली. आयुष्यात प्रथमच ते गिटारवाल्याच्या बरोबरीनं, शीळ घालत जिना चढले.

फक्त एक झालं. ॲम्प्लिफायर पाठीशी नसला की स्टेजवर बास ऐकूच येत नाही. हॉलचे स्पीकर पुढं, तोंड लोकांकडे. घुमेराव मागं, पाठ पडद्याला. तपासणीच्या वेळी साऊंडवाल्यानं लांबून अंगठा दाखवला, यांनीही दाखवला. मग कार्यक्रम सुरू व्हायच्या अगदी आधी यांना वाटलं, एकदा सूर लावून घ्यावा. आज तरी बेसूर नको.

बासवाल्याच्या पायाशी सूर तपासायची एक छोटी डबी असते. तिच्यावर पाय दिला की तांबडा दिवा लागतो आणि आवाज बंद होतो, म्हणजे बासच्या खुंट्या पिळताना होणारी कुंईकुंई लोकांना ऐकू जात नाही. सूर लागला की पुन्हा पाय द्यायचा, दिवा जातो, आवाज येतो. घुमेरावांनी पाय दिला. सूर लावला. एवढ्यात गायिकेनं "वन, टू" म्हटलं.

दुसऱ्यांदा पाय द्यायचा राहिला.

आणि मग त्या माणसानं काय वाजवलं महाराज! डोळे मिटले, मान डोलवली, ओठ चावला. बास पोटाशी धरलेला असतो. तारांची थरथर बरगड्यांत उतरते आणि उरलेलं सगळं वाजवणाऱ्याला डोक्यात ऐकू येतं. त्यातून पंचवीस वर्षं "जरा कमी कर" हे ऐकून ऐकून स्वतःचा आवाज न ऐकण्याची त्यांना सवयच झालेली. दहा गाणी झाली. समोर निवृत्त मंडळी वेफर्स खात एकमेकांच्या रक्तदाबाची चौकशी करत होती. मधूनच ड्रमवाला कपाळावरचा घाम पुसायचा आणि मोठ्या ड्रमवर ठोका देणाऱ्या स्वतःच्या पायाकडे बघायचा.

चहाला एक निवृत्त कॅशियर मुद्दाम घुमेरावांकडे आले. "तुमचं वाजवणं मला फार भावलं. कुठंही त्रास नाही."

साऊंडवाला म्हणाला, "आज बास एकदम स्वच्छ."

घुमेरावांना भरून आलं. चहात त्यांनी बिस्कीट बुडवलं आणि ते बुडालंच.

चहानंतर ते बायकोशेजारी खुर्चीत जाऊन बसले. बँड त्यांच्याशिवाय सुरू झाला. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. कीबोर्डवाल्याचा डावा हात इमानानं टुकटुक करत होता. समोरची मंडळी वेफर्स खात होती. घुमेराव जीव कानांत आणून, म्हणजे एका कानात आणून, ऐकत होते.

"काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

बायकोनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"सांग की."

"रागवायचं नाही."

"नाही रागवत."

"अहो, मला काही फरकच कळत नाहीये."

घुमेरावांनी मान हलवली. त्यांनाही कळत नव्हता. काहीतरी विनोद करायचा म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हे असं पंचवीस वर्षांत झालं नव्हतं. मग ते उठले. बास बाजूला ठेवलेला होता, तो पिशवीत भरावा आणि गुपचूप जिना उतरावा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

स्टेजच्या कडेला ते वाकले, तार गुंडाळू लागले, तार ओढता ओढता डबी आली, आणि डबीवर तांबडा दिवा.

क्षणभर त्यांना वाटलं आत्ता आपलाच पाय लागला असेल. मग त्यांना कॅशियर आठवले. "कुठंही त्रास नाही." मग ड्रमवाल्याचं ते पायाकडे बघणं आठवलं. मग सगळंच कळलं, आणि ते तिथंच, स्टेजच्या पायरीवर मटकन बसले. बायको धावत आली.

"काय झालं? दुखतंय का कुठं?"

"मघाशी मी वाजलोच नाही."

"म्हणजे?"

त्यांनी डबी दाखवली. तिला समजायला दोन क्षण लागले.

"दहाच्या दहा गाणी?"

"दहा."

"तुम्ही नुसतेच हलत होता?"

"हो."

"अगं बाई! पण चेहरा काय छान केला होतात!" आणि तिनं तोंडाला पदर लावला. हसू आवरेना तेव्हा ती त्यांच्याशेजारी पायरीवरच बसली.

आता पेच होता. गप्प राहिलं तर घुमेराव मानानं निवृत्त होणार होते. सत्कार झाला असता, दोन शब्द बोलले गेले असते. सांगितलं तर त्यांना जगातला पहिला मुका बास म्हणून लोक उरलेल्या आयुष्यभर हसले असते. शिवाय ज्याचा आवाज गेल्याचं कुणालाच कळत नाही, त्यानं आवाज परत आणायचा हट्ट कुठल्या तोंडानं धरायचा?

"तुम्हाला वाजवायचंय का?" बायकोनं विचारलं. हसू डोळ्यांत तसंच होतं, पण प्रश्न खरा होता.

"हो."

"मग सांगा की जाऊन. हसतील. घरी मी हसतेच, काय झालं तुम्हाला?"

गाणं संपलं तसे घुमेराव चढले आणि सवयीनं आधी ड्रमवाल्याच्या कानाशी गेले. "ऐक. मघाशी ही डबी बंद होती. पहिल्यापासून."

ड्रमवाल्यानं काठ्या मांडीवर ठेवल्या. "तू वाजत नव्हतास?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही."

"अरे गाढवा!" प्लंबर एवढ्या मोठ्यानं ओरडला की पहिल्या रांगेतल्या वेफर्सचा आवाज थांबला. "मी तासभर समजतोय माझा पाय गेला! तुझ्या बासवर ठेवतो मी ठोका, आज कशावर ठेवू तेच कळेना. डॉक्टरला दाखवायचं ठरवलं होतं मी उद्या!"

गायिका वळली. "काय चाललंय?"

"परीक्षा रद्द," ड्रमवाला म्हणाला. "हा पेपरला बसलाच नव्हता."

सगळं कळल्यावर गिटारवाला गिटारवर डोकं टेकून हसला. साऊंडवाल्यानं लांबूनच दोन्ही हातांनी मला माहीत नव्हतं अशी खूण केली. कीबोर्डवाला म्हणाला, "काका, पण मग तुम्हाला तरी कसं नाही कळलं?" घुमेराव रुमालानं डबीवरची धूळ पुसू लागले.

गायिकेनं घड्याळ पाहिलं. "तीन गाणी उरलीत. उभे राहा."

दिवा गेला. घुमेरावांनी पहिला सूर छेडला आणि टेबलावरच्या चमच्यांनी बशीत बारीक किणकिण केली. कॅशियर दचकले. ड्रमवाल्याचा पाय घर सापडल्यासारखा खाली आला. फार मोठं काही घडलं नाही. लोक टेबलावर चढून नाचले वगैरे सांगितलं तर ती थाप होईल. पण वेफर्सचे हात मंदावले, दोन-चार चपला जमिनीवर आपटू लागल्या, आणि एक निवृत्त शाखाधिकारी बाई बाजूच्या खुर्चीला म्हणाल्या, "हे आधीपासून होतं का?"

आणि दुसऱ्या गाण्यात, आनंदाच्या भरात, घुमेरावांनी चक्क एक जाडजूड सूर चुकवला.

गायिका गर्रकन वळली. गिटारवाला वळला. कीबोर्डवाला वळला. हॉलच्या टोकाला उभ्या असलेल्या वाढप्यानंसुद्धा मान वर केली. पंचवीस वर्षांत इतक्या माणसांनी एका वेळी त्यांच्याकडे कधी बघितलं नव्हतं. घुमेराव कानापर्यंत लाल झाले आणि कानापर्यंतच हसले.

"चुकलात," कार्यक्रम संपल्यावर गायिका म्हणाली.

"ऐकू आलं?" त्यांनी आशेनं विचारलं.

"सगळ्या हॉलला आलं." तिनं माइक बंद केला. "राहा तुम्ही. पण स्टेज काही वाढत नाही. पाचवा माणूस कुठं ठेवू?"

"खाली उभा राहतो."

"काका, मला चालेल हां," कीबोर्डवाला डावं मनगट चोळत म्हणाला. "तेच तेच वाजवून हाताला गोळे आले. तुम्ही कसं करता रोज?"

त्यामुळे हल्ली दर रविवारी दुपारी त्या हॉटेलात स्टेजवर चौघं असतात आणि घुमेराव खाली, कुंडी आणि हात धुवायचं बेसिन यांच्यामध्ये. काळा शर्ट घालतात. हॉटेलच्या वाढप्यांचेही शर्ट काळेच असल्यामुळे गाणं संपलं की जवळच्या टेबलावरून कुणी ना कुणी हात करतं, "अहो, एक चमचा आणता का?"

पुढचं गाणं सुरू व्हायला तेवढा वेळ असतो. घुमेराव आणून देतात.