मेलेल्यांसाठी मागायचं नाही

इंदापूरच्या मिशनशाळेत शाळा सुटायच्या आधी प्रार्थना असे. मुलं मांडी घालून, डोळे मिटून बसत आणि प्रत्येकानं देवाकडं एक मागणं मागायचं. एकच वाक्य. ही शिस्त माझी. नाहीतर एकेक पोरगं म्हशीपासून आजीच्या गुडघ्यापर्यंत सगळ्यांची यादी लावी, आणि माझ्या अंगात तेवढा दम नव्हता. आधीच मी तापट बाई. बारामतीहून बदली मागून आले होते, कारण आदल्या वर्षी तिथं माझी चार वर्षांची मुलगी तापानं गेली. लोक म्हणत, बाईंनी फार धीरानं घेतलं. धीर कसला डोंबलाचा. मला काही वाटतच नव्हतं. भात शिजवायचा, हजेरी घ्यायची, प्रार्थनेला ओठ हलवायचे, झालं.

त्या साली गावात पटकीची साथ आली. विहिरींत तांबडं औषध टाकलं, आठ दिवस पाणी गुलाबी दिसत होतं. तरी माणसं जायची ती गेलीच. माझ्या तिसरीतल्या एका मुलीची आई सकाळी आजारी पडली आणि दिवेलागणीला गेली. पोर चौथ्या दिवशी शाळेत आली, जागेवर बसली, आणि प्रार्थनेत तिची पाळी आल्यावर वर्षभर म्हणत होती तेच म्हणाली, "देवा, माज्या आईला सांबाळ."

मला त्यात काही खटकलं नाही. खरं सांगायचं तर मी ऐकतच नव्हते.

खटकलं पाळकसाहेबांना. ते महिन्यातून एकदा सायकलवरून शाळा बघायला येत. नेमके त्या दिवशी आले होते. त्यांनी मला बाहेर बोलावलं. "बाई, आपल्यात मेलेल्यांसाठी मागत नाहीत. गेलेलं माणूस देवाच्या हाती. त्या पोरीला आत्ताच समज द्या, नाहीतर उद्या ही मुलं पानं वाढून कावळ्यांना हाका मारतील."

त्यांचंही खोटं नव्हतं. आमच्या मंडळीला ख्रिस्ती होऊन एकच पिढी झालेली. जुनं सोडून आलेल्यांना जुन्याची धास्ती जास्त. पण एरवी मी चार शब्द सुनावले असते, तेही सुनावले नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर सांगून टाकलं, "आईसाठी आता मागायचं नाही. दुसरं काही माग."

"दुसरं काय मागू?" ती म्हणाली.

"काहीही. पाऊस माग."

सगळ्यांसमोर सांगितलं, याची लाज मला आजही वाटते. त्या दिवसापासून तिची पाळी आली की ती गप्प बसे. आम्ही थोडा वेळ वाट बघायचो आणि मग पुढचा मुलगा सुरू करायचा. वर्गातही ती बोलेनाशी झाली. मग तिचा बाप आला. कालव्याच्या कामावरचा माणूस, खांद्यावर कुदळ तशीच. "बाई, पोरगी तीन दिस जेवली न्हाय. म्या एकला मानूस, काय करू? तुमी कायतरी सांगा तिला देवाचं."

मधल्या सुट्टीत तिला घेऊन पायरीवर बसले. फडक्यात बांधलेली भाकरी तिच्या मांडीवर तशीच होती. पाढे म्हणावेत तसं मी म्हटलं, "तुझी आई देवाजवळ आहे. तिला आता दुखत नाही, खुपत नाही." मला ही वाक्यं लोकांनी इतक्यांदा ऐकवली होती की पाठच झाली होती.

"देव कुठं हाय?"

"सगळीकडं. आपल्याजवळही."

"मग आईबी जवळच आसंल की."

 लेक देवाजवळ आहे, हे लोकांकडून वर्षभर ऐकूनही हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"बाई, मागायचं न्हाय तर न्हाय. पर देवाच्या हाती तिला निरोप धाडला तर चालंल का?"

पाळकसाहेब काय म्हणतील, हे मनात आलं आणि एकदम राग आला. किती महिन्यांनी मला कशाचा तरी राग येत होता.

"चालेल. न चालायला काय झालं? पण निरोप काय धाडणार? पोरगी उपाशी बसलीय, हा?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग फडकं सोडलं आणि चटणीशी भाकरी खाऊ लागली. अर्धी खाल्ली.

संध्याकाळी प्रार्थनेत ती म्हणाली, "देवा, आईला सांग, म्या आर्दी भाकर खाल्ली. शेळी व्याली. दोन करडं हायती." तीन वाक्यं झाली. मी मोजली, पण टोकलं नाही. तिच्या शेजारच्या मुलाचा आजा साथीत गेला होता. तो लगेच म्हणाला, "आज्याला सांग, तुमचा तंबाकूचा बटवा म्या लपवून ठिवलाय. काकाला घावला न्हाय." मिटल्या डोळ्यांनी पोरं हसली.

पुढच्या महिन्यात पाळकसाहेबांनी हे ऐकलं. मी भांडायच्या तयारीनं उभी होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "बाई, हे मागणं नव्हे?"

"निरोप आहेत."

त्यांनी पाणी मागितलं, प्याले आणि सायकल काढली.

सगळ्या मुलांचं झालं की मी नुसतं आमेन म्हणत असे. असंच एकदा म्हणणार, तोच ती मुलगी डोळे न उघडता म्हणाली, "बाई, तुमचं ऱ्हायलं."

मुलं थांबली. मला वाटलं, माझ्याकडं सांगण्यासारखं काही नाही. माझ्या मुलीला बारामतीत पुरलं त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं. पोरं हात जोडून तशीच बसली होती, आणि प्रार्थना संपल्याशिवाय शाळा सुटायची घंटाही देता येईना.

"देवा," मी म्हणाले, "माझ्या लेकीला सांग, आई आता बारामतीत नसते. मी तिला न सांगताच निघून आले."